सुभद्रामावशी, मी तुला एक खोटं सांगितलं

मावशी, तू गेलीस तेव्हा मी वॉर्डात होते आणि माझ्या हातात बीपीचं यंत्र होतं. आपल्या दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांचा फोन आला. ते मला कधी फोन करत नाहीत, म्हणून दाराशी जाऊन उचलला. "रेणुका, मावशी गेल्या," एवढंच म्हणाले. मी "बरं" म्हणाले. बरं काय, मावशी? परत आले, चार बायांचं बीपी राहिलं होतं ते घेतलं, वहीत लिहिलं, वॉर्डच्या सिस्टरना सांगितलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. हिंगोलीहून बसमध्ये बसले तेव्हा वाटत राहिलं, मी दगड झाले की काय. औंढ्याच्या अलीकडं कुठंतरी तुझाच आवाज कानात आला, "अगं, त्या चार बाया काय तुझं रडणं होईस्तोवर बसून राहतील व्हय?" तेव्हा कुठं जिवाला जरा बरं वाटलं.

तुझ्या तेराव्याला लोक तुझ्याबद्दल बरंच बोलले. सव्वीस वर्षं एकाच दवाखान्यात काम केलं, कधी कुणाला परत पाठवलं नाही, कधी आवाज चढवला नाही. हे शेवटचं ऐकलं आणि मी आणि साहेबांनी एकमेकांकडं बघितलं. तुझा आवाज दवाखान्यातून जवळा बाजारच्या मोंढ्यापर्यंत, पार धान्यबाजारात जायचा, हे आम्हा दोघांना जेवढं माहीत आहे तेवढं कुणालाच नाही. पण मेलेल्या माणसाचा आवाज लोक असाच खाली आणतात. मी आणणार नाही. तू असतीस तर तुला आवडलं नसतं.

मला तुझ्याशी बोलायचंय ते दुसरंच. मी तुला एक खोटं सांगितलं होतं. ते कबूल करायच्या आत तू निघून गेलीस. पण ते एकदम सांगितलं तर तुला त्यातलं निम्मंच कळेल, म्हणून आपण भेटलो तिथपासून सांगते.

माझं लग्न होऊन सहा महिने झाले होते. बारावी पास होते आणि घरात बसून होते. दवाखान्यात बाई पाहिजे म्हणून कळलं, तर आले. मी तुला म्हणाले, "मावशी, तुमी सांगा ते मी करीन." तू माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलंस. "मावशी म्हणतीस अन् तुमी बी म्हणतीस? एक कायतरी ठेव." त्या दिवसापासून तू मला तू झालीस.

त्याच आठवड्यात एक मेंढपाळ आला होता. पायाला जखम, त्यात पू, आणि त्यानं वर कसला तरी पाला बांधलेला. तू पट्टी सोडलीस आणि माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तू एका हातानं मला स्टुलावर बसवलंस आणि दुसऱ्या हातानं त्याची जखम धुवत राहिलीस. तोंडानं त्याच्याशी मेंढरांच्या गोष्टी चाललेल्या. यंदा कुठं बसवली, लोकर कोण कातरतं, पावसाळ्यात खुरांना काय लावता. तुझं माहेर मेंढरांचं, त्यामुळं तुला सगळं ठाऊक. तो बोलत राहिला, जखम साफ झाली, पट्टी बांधून झाली, आणि त्याला कळलंसुद्धा नाही. तो गेल्यावर तू माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस. "पोरी, एकदम जखमेकडं बघायचं न्हाई. आधी माणसाकडं बघायचं, मंग जखमेकडं. माणूस बघितला की चक्कर येत न्हाई."

तेव्हापासून मला चक्कर आली नाही, मावशी. एकदाही नाही.

तू सातवी शिकलेली. दवाखान्यात आलीस ती झाडून काढायला. जुना कंपाउंडर सोडून गेला, साहेबांनी तुला पट्टी बांधायला दाखवलं, मग टाके काढायला, मग सुई द्यायला. तू मला शिकवलंस तेही तसंच, एकेक करून. बाजारच्या दिवशी तर आपल्याला पाणी प्यायला फुरसत नसायची. कापूस, सोयाबीन घेऊन आलेली माणसं भाव विचारून झाला की दुखणं घेऊन आपल्याकडं यायची. माझी स्वरा जन्मली, ती पण त्याच गर्दीत मोठी झाली. तपासणीच्या खोलीबाहेर तू तिला झोळी बांधून दिली होतीस, आणि येणारा-जाणारा प्रत्येक पेशंट तिला एक झोका देऊन जायचा.

आठ वर्षं अशी गेली. मला वाटायचं, मला सगळं येतं. तुला पण वाटायचं, आपल्याला सगळं येतं.

मग तो माणूस आला. चाळिशीच्या पुढचा, मांडीला गळू झालेलं, सोबत कॉलेजात जाणारी पोरगी. साहेबांनी तपासलं, सुई लिहून दिली आणि वर जेवायला गेले. तू सुई दिलीस. त्याच औषधाची सुई त्यानं आधी दोनदा घेतली होती. पाच मिनिटं झाली नसतील, तो अंग खाजवायला लागला. ओठ सुजले, श्वास लागला, चेहरा कसातरी झाला. तू त्याला आडवं केलंस, पायाखाली दोन उशा सरकवल्यास, मला ओरडून म्हणालीस, "पळ, साहेबाला आण!" मी पळाले. साहेब खरकट्या हातानं खाली आले. तोवर तू ट्रेमधून नेमकं तेच औषध काढून हातात धरलं होतंस, जे साहेबांना पाहिजे होतं. त्यांनी ते भरलं, टोचलं, आणि काही वेळानं त्या माणसाचा श्वास जागेवर आला.

ती पोरगी भिंतीला टेकून उभी होती. तिनं तुझ्याकडं बोट करून साहेबांना विचारलं, "ह्या नर्स आहेत का?"

साहेबांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. मग म्हणाले, "हो. नर्सच आहेत. जुन्या आहेत आमच्याकडच्या."

तू खाली वाकून सांडलेला कापूस गोळा करत राहिलीस. संध्याकाळी दवाखाना आवरताना, पट्ट्या कापता कापता तू म्हणालीस, "रेणुका, औषध माझ्या हातात होतं. किती द्यायचं ते ठाऊक नव्हतं. कुठं द्यायचं, तेबी न्हाई. वरून साहेब यायला आणखी उशीर झाला असता, तर मी ते हातात धरूनच उभी राहिले असते."

मी म्हणाले, "पण वाचला ना तो, मावशी."

"वाचला. साहेबानं वाचवला. अन् वाचवून वर माझ्यासाठी खोटं बोलले. चांगल्या माणसाला माझ्यापायी खोटं बोलावं लागलं." कात्री खाली ठेवलीस. "माझं आता काय होत न्हाई. तू जा. तुझं वय हाय अजून. शीक अन् नर्स होऊन ये."

मी हसले होते, आठवतं? अठ्ठावीस वर्षांची बाई, पदरात सहा वर्षांची पोर, आणि अठरा-अठरा वर्षांच्या पोरींबरोबर एएनएमच्या, नर्सिंगच्या कोर्सला बसायचं? पण तुझ्या डोक्यात एकदा बसलं की बसलं. माझी बारावीची सनद, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, सगळं तू मला शोधायला लावलंस. अर्ज भरायला माझ्यासोबत बसलीस आणि संगणकावरच्या पोराला प्रत्येक रकाना मोठ्यानं वाचून दाखवायला लावलास.

आमच्या घरी मात्र अवघड होतं. रमेश वाईट माणूस नाही, पण दोन वर्षं बायको होस्टेलवर राहणार म्हटल्यावर तो गप्प झाला, आणि त्याचं गप्प होणं म्हणजे नाहीच असतं. मी तुला म्हणाले, जाऊ दे. तू पदर खोचून थेट त्याच्या मोबाईलच्या दुकानात गेलीस. मी मागं मागं. तो कुणाचा तरी फोन उघडून बसला होता.

"जावईबापू, हे तुमी उघडून राहिले, त्याचं शिक्षण घेतलं का असंच?"

"घेतलं ना. नांदेडला सहा महिन्यांचा कोर्स केला."

"काहून केला? बघून बघून आलं असतं की."

"मावशी, बघून येतं, पण मग एखादा बिघाड समजत नाही. आपण भलतंच काहीतरी जाळून बसतो."

तू माझ्याकडं बोट दाखवलंस. "मंग? मोबाईलला कोर्स लागतो अन् माणसाला न्हाई व्हय?"

रमेशनं पेचकस खाली ठेवला. मग मला म्हणाला, "स्वराचं काय?" त्या प्रश्नातच हो होतं. उत्तर तू दिलंस. "तिची आजी घरी हायच, अन् शाळा सुटली की ती दवाखान्यात माझ्याजवळ बसंल."

साहेब तर चिडलेच होते. "हिला काय येत नाही? तिथं जाऊन चादरी घालायला शिकेल." त्यांनाही तू सोडलं नाहीस. "साहेब, तुमी बी कुणाच्यातरी दवाखान्यात राहून डॉक्टर झाले असते. कॉलेजात काहून गेले?" साहेब आधी रागावले, मग हसले, मग म्हणाले, "जा बाई. बाजारच्या दिवशी आमचं काय होईल ते होईल."

अशी मी हिंगोलीला गेले, मावशी. तुझ्या जिवावर गेले. आणि तिथं गेल्यावर पहिली गोष्ट काय केली असेल, तर तुला लपवलं.

पहिल्याच आठवड्यात आमच्या मॅडमनी वर्गात विचारलं, "तुमच्यापैकी कुणी खाजगी दवाखान्यात काम केलंय का? असेल तर आत्ताच सांगा. अशा मुलींच्या हातांच्या सवयी मोडायला मला दुप्पट वेळ लागतो." सगळ्या पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. मी खाली वहीकडं बघितलं. हात वर केला नाही. मला वाटलं, आधीच सगळ्यांत मोठी, सगळ्या ताई म्हणतात, त्यात हे कशाला.

पुढं सुईचं प्रात्यक्षिक आलं. रबराच्या हातावर द्यायची. माझ्यासाठी ते काय अवघड? मी झटक्यात दिली, सफाईनं काढली, आणि तुझ्यासारखंच दोन बोटांत टोपण धरून सुईवर परत बसवलं. मॅडम माझ्या मागंच उभ्या होत्या.

"थांब. आत्ता काय केलंस?"

"टोपण लावलं, मॅडम."

"लावायचं नाही. सुई वापरली की सरळ कटरमध्ये कापून टाकायची. टोपण लावतानाच सुई बोटात जाते आणि पेशंटचं रक्त आपल्या रक्तात. कावीळ येते, एचआयव्ही येतो. कुठं काम केलंयस आधी?"

"कुठं नाही, मॅडम."

त्या माझ्या हाताकडं बघत राहिल्या. त्यांना कळलं असणार. पण त्या पुढच्या मुलीकडं गेल्या.

हे नाकारणं मला तेव्हा एवढं लागलं नाही. मला लागलं ते टोपण. दिवाळीत घरी आले आणि फराळाच्या आधी तुझ्याकडं आले. तू ओट्यावर बसली होतीस, मामा, म्हणजे तुझे मालक, अंगणात शेळ्यांना पाला टाकत होते. मी शहाण्यासारखं हळू बोलायला पाहिजे होतं. पण मी नवीनच शिकलेली. बसल्या बसल्या म्हणाले, "मावशी, तू मला चुकीचं शिकवलंस."

सगळं सांगितलं. टोपण, रक्त, कावीळ. तू ऐकून घेतलंस. तुझा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"वीस वर्षं टोपण लावून राहिले. कव्हा टोचली का मला?"

"टोचली होती, मावशी. दोनदा. मी बघितलंय. तू बोट नळाखाली धरलंस अन् साहेबाला सांगू नको म्हणालीस."

हे मी बोलायला नको होतं. मामांसमोर तर नकोच होतं. तू उठलीस, आत गेलीस आणि आतूनच म्हणालीस, "लई शिकून आली माझी बाई."

त्यानंतर तू माझ्याशी तीन महिने बोलली नाहीस. स्वराची वेणी मात्र रोज घातलीस. तिचा गृहपाठ बघितलास, तिला ताप आला तेव्हा साहेबांना दाखवून स्वतः घरी सोडून आलीस. अबोला माझ्याशी होता, माझ्या पोरीशी नव्हता. मी शनिवारी यायचे तेव्हा तू तिचं दप्तर माझ्या हातात द्यायचीस आणि तोंड फिरवायचीस. मीही हट्टी. बरोबर ते बरोबर, त्यात माफी कसली मागायची?

संक्रांतीला तिळगूळ घेऊन आले तेव्हा तू माझे हात धरलेस आणि उलटे-पालटे करून बघितलेस. दिवसातून वीस वेळा साबणानं धुवून ते खरखरीत झाले होते. "एवढे धुवायला लावतेत का तिथं?" तू म्हणालीस. मी म्हणाले, "लावतात." तू म्हणालीस, "बराबर हाय ते," आणि चहा टाकलास. टोपणाचं नाव तू काढलं नाहीस, मी काढलं नाही. ते भांडण तसंच राहिलं.

आता ते खोटं.

दुसऱ्या वर्षी मला गरोदर बायांच्या वॉर्डात पाठवलं होतं. एक सिद्धेश्वर गावाकडची बाई आली. पहिलटकरीण, आठवा महिना. पाय सुजले म्हणून सासूनं बळंच आणलेली. ती कुणाला हात लावू देईना. "मला काय झालं न्हाई, मला घरी जाऊ द्या," हेच चाललेलं. वॉर्डच्या सिस्टर दुसऱ्या बाळंतिणीत अडकल्या होत्या. एकदा रागावून गेल्या, दोनदा रागावून गेल्या. मग मी यंत्र घेऊन तिच्या खाटेवर बसले.

"घरी एवढं काय हाय गं?"

"शेळ्या हायेत. माझ्याबिगर कुणाच्या हाती लागत न्हाईत."

"किती?"

"अकरा. एक कालच व्यालीय."

"एक पिल्लू का दोन?"

"दोन. एक पाठ, एक बोकड." तिचा आवाज नरम झाला. मी तिच्या दंडाला पट्टा बांधत होते. "पिल्लाला चीक पाजला का पहिला?" "पाजला." मी फुगा दाबला. "अन् तुला काय होऊन राहिलं?" आणि मग ती बोलली, मावशी. सकाळपासून डोकं फुटून राहिलंय, डोळ्यापुढं काजवे येऊन राहिलेत. हे तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं, इथंही कुणाला सांगितलं नव्हतं. काट्याकडं बघितलं तर बीपी भलतंच वर.

शेळ्यांचं कसं विचारायचं ते मला तू शिकवलं होतंस. पण डोकं दुखणं, काजवे, सुजलेले पाय आणि वाढलेलं बीपी ह्या चार गोष्टी एकत्र आल्या की अशा बाईला आकडीचा झटका येऊ शकतो, हे मला वर्गात शिकवलं होतं. तू तिथं असतीस तर तिनं तुला माझ्याही आधी सगळं सांगितलं असतं. पण तुला ते महत्त्वाचं आहे हे कळलं नसतं. आणि मी तुझ्याकडं न राहता सरळ वर्गात गेले असते, तर ते मला कळलं असतं, पण तिनं सांगितलंच नसतं. मी पळत जाऊन सिस्टरांना सांगितलं, डॉक्टर आले, उपचार सुरू झाले. बाई वाचली. पुढं मुलगी झाली तिला, छान.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळ्यांसमोर मला उभं केलं. "हिनं ती बाई बोलती कशी केली, ते बघा. हे पुस्तकात नाही. रेणुका, कुणाकडून शिकलीस?"

तुझं नाव तोंडापर्यंत आलं होतं. पण ते सांगितलं असतं तर पहिल्या वर्षापासूनचं सगळं सांगावं लागलं असतं. "कुठं नाही" म्हणाले होते ते खोटं होतं, हेही. सगळ्या पोरी बघत होत्या. मी म्हणाले, "असंच, मॅडम. आपोआप."

आपोआप! आठ वर्षं तू माझ्या मागं उभी राहून शिकवलंस, ते आपोआप.

त्या शनिवारी आले आणि तुला सगळं सांगितलं. ती बाई, शेळ्या, काजवे, मॅडम. तू गुडघे पोटाशी घेऊन ऐकत होतीस, लहान पोरीसारखी. शेवटी तू हळूच विचारलंस, "मंग? मॅडमला सांगितलं का माझं नाव?"

मी म्हणाले, "सांगितलं."

"काय म्हणल्या?"

"म्हणल्या, तुझ्या मावशी भारी आहेत."

मावशी, तुझा चेहरा कसा झाला होता, ते मी तुला सांगू शकत नाही, कारण तू तो बघितला नाहीस. तू पदर डोक्यावर नीट घेतलास. दुसऱ्या दिवशी तू ते साहेबांना सांगितलंस, मामांना सांगितलंस, रमेशच्या दुकानात जाऊन सांगितलंस. बाजारात भाजी घेताना सांगितलंस. "हिंगोलीच्या शाळेतल्या मॅडम माझं नाव घेतात." मला लोक येऊन सांगायचे आणि मी जमिनीकडं बघायचे. दर शनिवारी ठरवायचे, आज मावशीला खरं सांगू. नाहीतर निदान सोमवारी मॅडमना सांगू, म्हणजे खोटं आपोआप खरं होईल. दोन्ही केलं नाही. आणि मग तू एका सकाळी शेळ्या सोडताना छातीला हात लावून खाली बसलीस, ती उठली नाहीस.

तुझ्या घरी पोचले तेव्हा साहेब अंगणात सतरंजीवर बायामाणसांपासून थोडे दूर बसले होते. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली. मामांनी स्वराला जवळ घेतलं होतं.

तेराव्यानंतर साहेब म्हणाले, दवाखान्यात चक्कर मार, नवीन पोरीला जरा बघ. गेले. तू शिकवून तयार केलेली ती पोरगी, एकोणीस वर्षांची, हात हलका. तिनं एका बाईला सुई दिली आणि तुझ्यासारखंच दोन बोटांत धरून टोपण बसवलं. "असं करायचं नाही," मी म्हणाले. ती म्हणाली, "मावशींनी असंच शिकवलं." मी म्हणाले, "मला पण."

मागं साहेब उभे होते. त्यांनी कपाट उघडून एक खोकं काढलं. नवा कोरा सुई कापायचा कटर, खोकंसुद्धा फोडलेलं नाही. "तू हिंगोलीला गेल्यावरची पहिली दिवाळी झाली ना, त्यानंतर मावशींनीच मागून घेतला," साहेब म्हणाले. "म्हणाल्या, चांगला असतो, आणा. आणि आणल्यावर कपाटात ठेवून दिला. वर मला बजावलं, रेणुकाला सांगू नका."

मी हसायला लागले आणि मग हसता हसता रडायला लागले. मावशी, काय बाई होतीस तू! पटलं होतं तुला. पण माझ्यापुढं पटलं म्हणायचं नव्हतं. तो कटर मी फोडला, टेबलावर ठेवला आणि त्या पोरीच्या हातून दहा वेळा करून घेतलं. ह्या भांडणात मी हरणार नाही. तू वरून कितीही ओरड.

पण मग मला दिसलं की मीही तेच केलं होतं. मलाही तुझं पटलं होतं, तुझ्यामुळंच मी उभी होते, आणि चारचौघांत ते म्हणायची वेळ आली तेव्हा मी ते कपाटात बंद करून ठेवलं.

सोमवारी मी मॅडमच्या खोलीत गेले. बस म्हणाल्या, बसले नाही. सगळं सांगितलं. आठ वर्षं जवळा बाजारच्या दवाखान्यात होते. तुम्ही पहिल्या आठवड्यात विचारलं तेव्हा लपवलं, टोपण लावलं तेव्हा लपवलं, त्या सिद्धेश्वरच्या बाईच्या वेळीही लपवलं. आपोआप काही नव्हतं. मावशींनी शिकवलं. त्या गेल्या.

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मी पहिल्या दिवशी जे बोलले, त्यामुळं लपवलंस का?"

"हो, मॅडम."

"मग निम्मी चूक माझी." त्यांनी चष्मा काढून पुसला. "काय नाव म्हणालीस मावशींचं?"

"सुभद्रा."

"सुभद्राबाई," त्या म्हणाल्या. सावकाश म्हणाल्या, लक्षात ठेवायचं असल्यासारखं. "आणि ते टोपण?"

"ते पण त्यांनीच, मॅडम."

त्या हसल्या. मीही हसले. तर ऐक मावशी, आता मॅडमनी तुझं नाव घेतलंय. मी तुला सांगितलं होतं त्यानंतर सहा महिन्यांनी घेतलं, आणि "भारी आहेत" असं काही त्या म्हणाल्या नाहीत. ते मी माझ्या मनचं घातलं होतं, तेवढं मला माफ कर. बाकीचं आता खरं आहे.

माझी शिकाऊ ड्युटी संपायला थोडेच दिवस राहिलेत. काल एका गावात लसीकरणाला गेले होते. अंगणवाडीची खोली, बाहेर चिंचेखाली वीस-पंचवीस बाया लेकरं घेऊन बसलेल्या, सगळीकडं नुसता रडण्याचा गोंगाट. मोठ्या सिस्टर आत रजिस्टर लिहीत होत्या. मला अजून सिस्टर म्हणवून घ्यायची सवय नव्हती. वॉर्डात कुणी 'सिस्टर' म्हटलं की मी आधी मागं वळून बघायचे, खऱ्या सिस्टर कुठं आहेत म्हणून. दोन वर्षं असंच चाललं होतं. काल एक बाई तापलेलं लेकरू खांद्यावर टाकून गर्दीतून वाट काढत आली आणि माझ्याकडं बघून ओरडली, "सिस्टर! ह्याला बघा हो जरा!"

मी मागं वळून बघितलं नाही. हात पुढं केले आणि म्हणाले, "आण माय, इकडं दे."